अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष एका सहीने कायदा बदलू शकतो का? मग तिथली संसद कशाला आहे?

नाही, बदलू शकत नाही. एवढंच लिहून मी पुढे गेले असते. पण अशी एक सही माझ्या पोटातल्या बाळापर्यंत येऊन पोचली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आताच्या राष्ट्राध्यक्षांचं नाव घेत नाही. नाव आलं की वाद माणसावर जातो आणि पदाचा मुद्दा राहून जातो.

२० जानेवारी २०२५, सोमवार. मला चौतीस आठवडे नुकतेच पूर्ण झाले होते. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, दोघंही एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या (कायम राहण्याच्या परवान्याच्या) रांगेत. नव्या राष्ट्राध्यक्षांनी पहिल्याच दिवशी सह्यांचा सपाटा लावला, त्यात एक आदेश जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचा होता. आई इथे बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले नसतील, तर इथे जन्मलेलं मूल अमेरिकन धरायचं नाही. आदेश तीस दिवसांनी, म्हणजे १९ फेब्रुवारीनंतर जन्मणाऱ्या मुलांना लागू. माझी तारीख होती २ मार्च.

आईबाबा आठवड्यापूर्वीच कराडहून आले होते. आई स्वयंपाकघरात हळीव निवडत बसली होती. मी बातमी वाचून दाखवली तर तिचा हात थांबला. बाबा म्हणाले, "१९ फेब्रुवारी म्हणजे शिवजयंती," आणि गप्प झाले.

रात्री डॅलसहून भाऊजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा फोन आला. "उद्या सकाळी पहिलं काम, डॉक्टरला फोन कर. १८ तारखेच्या आत सिझर करून घे. सही झाली आहे, आता कुणी काही करू शकत नाही."

या वाक्याला मागचा इतिहास आहे. २०२४ च्या गणपतीत आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. आरती झाली, जेवणं झाली आणि निवडणुकीवर गप्पा सुरू झाल्या. भाऊजी इथल्या संसदेच्या दोन सभागृहांबद्दल म्हणाले, "हे सिनेट, हे हाउस, नुसते भांडत बसतात. देशाला एकहाती माणूस लागतो. सही केली की काम झालं पाहिजे." मी म्हटलं, "भाऊजी, ती सही उद्या आपल्याच घरावर आली तर?" ते म्हणाले, "तुला इथलं राजकारण अजून कळायचं आहे. तुला मतदान तरी आहे का?" दहा-बारा माणसांसमोर. नवरा खाली मान घालून बसला. मला मत नाही हे खरंच होतं, म्हणून मीही गप्प बसले. भाऊजी आता नागरिक आहेत. त्यांची दोन्ही मुलं टेक्सासमध्ये जन्मली तेव्हा ते एच-वनवरच होते. आज आम्ही आहोत तिथेच.

त्या आठवड्यात मी डॉक्टरांना विचारलं. विचारलं याची आजही लाज वाटते, पण विचारलं. त्या म्हणाल्या, "हे विचारणारी तू या आठवड्यातली पहिली नाहीस. वैद्यकीय कारण नसेल तर एकोणचाळीस आठवड्यांच्या आधी मी करत नाही. तुझे ते २३ फेब्रुवारीला होतात. बाळाची फुप्फुसं तारीख बघून तयार होत नाहीत." घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, आपण थांबायचं. त्याने पहिल्यांदा भावाला स्वतः फोन करून सांगितलं, "दादा, हा विषय आता बंद."

खरं समजावलं ते बाबांनी. ते तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले, आयुष्य जीआर वाचण्यात गेलं. ते म्हणाले, "सही कितीही मोठ्या साहेबाची असू दे, आधी बघायचं की खाली कलम कुठलं आहे. कलम नसेल तर तो कागद कोर्टात टिकत नाही."

तुमच्या प्रश्नाचं माझ्या मते सगळ्यात सरळ उत्तर हेच आहे. आपले लोक या आदेशाला अध्यादेश म्हणतात, ते चूक आहे. आपल्याकडे राष्ट्रपतींच्या अध्यादेशाला कायद्याइतकंच बळ असतं, पण तो संसदेपुढे ठेवावा लागतो आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत मंजूर झाला नाही तर संपतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला तेवढाही अधिकार नाही. त्याचा आदेश म्हणजे जीआर. तो आपल्या खात्यांना सांगतो, असलेला कायदा असा असा राबवा. त्याला आधार हवा राज्यघटनेचा नाहीतर काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, केलेल्या कायद्याचा. १९५२ मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी संपाच्या तोंडावर पोलाद कारखाने ताब्यात घ्यायचा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांच्या आत तो ६ विरुद्ध ३ ने रद्द केला, कारण खाली कलम नव्हतं. बायडन यांची विद्यार्थ्यांची कर्जं माफ करायची योजना २०२३ मध्ये अशीच पडली, तीही ६ विरुद्ध ३. ते दोघे डेमोक्रॅट, आताचे राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन, म्हणजे हे एकाच पक्षाचं दुखणं नाही.

आणि नागरिकत्वाची गोष्ट तर साध्या कायद्याचीही नाही, घटनेची आहे. इथे जन्मलेला तो नागरिक, असं सांगणारी चौदावी दुरुस्ती, १८६८. ती बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. तेव्हा रात्री झोप लागायची नाही, त्यात मी वाँग किम आर्कबद्दल वाचलं. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेला माणूस, स्वयंपाकी. १८९५ मध्ये चीनहून परत आला तर बंदरात अडवला, म्हणे तू नागरिकच नाहीस. तो लढला आणि १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, इथे जन्मला म्हणजे नागरिक. त्याच्या आईवडिलांनाही तेव्हाच्या कायद्याने अमेरिकन नागरिक होता येत नव्हतं. पोटावर हात ठेवून मी हे नवऱ्याला वाचून दाखवत होते.

पण वाँगच्या निकालाने आपोआप काही थांबलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. २१ जानेवारीला न्यू जर्सीसह १८ राज्यं बॉस्टनच्या कोर्टात गेली. सिएटलला दुसरी चार राज्यं गेली. मेरीलँडमध्ये संस्थांसोबत गरोदर बायका स्वतः वादी म्हणून उभ्या राहिल्या, माझ्यासारख्याच, पोट घेऊन. २३ जानेवारीला सिएटलच्या न्यायाधीशांनी आदेश "उघड उघड घटनाबाह्य" म्हणत चौदा दिवस थांबवला. हे न्यायाधीश रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेले, तेव्हा डाव्यांचं कोर्ट वगैरे म्हणायची सोय नाही. ५ फेब्रुवारीला मेरीलँडने स्थगिती दिली, १३ फेब्रुवारीला बॉस्टनने. तोपर्यंत आमच्या घरात रोज सकाळी चहाआधी बाबा विचारायचे, "कोर्टाचं काय?"

१९ तारखेला आदेश लागू झालाच नाही. बाबांनी सकाळी आंघोळ करून महाराजांच्या छोट्या फोटोला हार घातला, आईने शिरा केला. मुलगी २८ फेब्रुवारीला झाली, कळा येऊन, आपल्या वेळेला. एप्रिलमध्ये तिचा पासपोर्ट आला.

बारशाच्या व्हिडिओ कॉलवर भाऊजी म्हणाले, "बघ, काही झालं का? उगाच घाबरलीस." त्याचं मला फार लागलं, अजून लागतं. काही झालं नाही कारण भाऊजींना जे भांडण नको असतं तेच राज्यं आणि गरोदर बायका कोर्टात जाऊन भांडल्या. जानेवारीत सही म्हणजे शेवटचा शब्द होता आणि मार्चमध्ये ती सही म्हणजे काहीच नव्हतं, हे एकाच तोंडाने म्हणता येत नाही. आणि त्या पाच आठवड्यांत मी जे भोगलं ते कुठल्या कोर्टाने भरून दिलं नाही.

आता दुसरी बाजू, ती न सांगता गेले तर तुमची फसवणूक होईल. प्रत्येक सही थांबत नाही. जिथे खाली कलम असतं तिथे राष्ट्राध्यक्षाचा हात लांब पोचतो. परदेशी माणसांचा प्रवेश रोखायचा अधिकार काँग्रेसनेच १९५२ च्या कायद्यात देऊन ठेवला आहे. त्याच जोरावर काही देशांवरची प्रवेशबंदी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने टिकवली, आणि त्याच जोरावर सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची अट आली. जुन्या व्हिसाधारकांना ती नाही हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. मधल्या रात्री भारतात सुट्टीवर गेलेली आमच्या ओळखीची माणसं मिळेल त्या विमानाने परत निघाली होती. काँग्रेस कशाला आहे, असं तुम्ही विचारता. माझं मत, ती आपलंच काम विसरली आहे. अधिकार देऊन ठेवते आणि मग परत मागत नाही.

कोर्टंही कायम उभी राहतात असं नाही. १९४२ मध्ये रूझवेल्ट यांच्या एका आदेशाने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत टाकलं, त्यातले बहुतेक नागरिक होते. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालय सरकारच्याच बाजूने गेलं. काँग्रेसने माफी मागितली ती १९८८ मध्ये. त्या आदेशावरची तारीखही १९ फेब्रुवारीच होती. आमच्या वेळचंही प्रकरण लगेच मिटलं नाही. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, एका न्यायाधीशाने देशभर स्थगिती देण्यावरच मर्यादा घातली. मग जुलैत न्यू हॅम्पशरच्या न्यायाधीशांना सगळ्या बाळांचा एक गट धरून वेगळी स्थगिती द्यावी लागली. मूळ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला घेतला तो डिसेंबरात.

तेव्हा तुम्ही इथे यायचा विचार करत असाल तर कुठलीही सही झाल्याची बातमी आली की आधी खाली कलम बघा, मग कोण कोर्टात गेलं ते बघा, आणि तोवर घाईने काही करू नका, निदान शरीराशी खेळ होईल असं तरी नाही. वकिलाला विचारा, नातेवाईकांना नको.

भाऊजी मराठी वाचतात, त्यांना हे उत्तर आज पाठवणार आहे. एप्रिलमध्ये मुलीच्या पासपोर्टचा फोटो सगळ्या घरात फिरला, फक्त त्यांना मी पाठवला नव्हता. तोही सोबत पाठवते.