एक पार्किंग आणि पाच लिटरचं इंजिन

ताई,

मी ३९ वर्षांची. राहते कोथरूडला, नोकरी हिंजवडीत, फेज टूला. २०२१ मध्ये कंपनीचे शेअर विकून हातात पैसे आले, तेव्हा मी २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी घेतली. सेकंडहँड, मुंबईच्या एका गृहस्थांकडून. लाल, पाच लिटरचं व्ही-एट इंजिन. कॉलेजपासून मनात होती. कर्ज एक पैशाचं नाही. सोसायटीत पार्किंग एकच, म्हणून तेव्हा घरातली जुनी गाडी काढली आणि नवरा स्कूटरवर आला. त्यामुळे रोज ऑफिसला हीच. आठवड्यातून चार दिवस, जाऊन-येऊन ४० किलोमीटर, तीन तास. मागच्या वर्षी ताम्हिणीला दोनदा गेले, बस.

नवरा म्हणतो, विकून टाक, गृहकर्जात भरू. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना गाडीत बसवताना आम्हा दोघांनाही घाम फुटतो. त्या म्हणतात, "बाईमाणसाला कशाला हवी असली गाडी?" ते ऐकलं की मी ठरवते, मुळीच विकणार नाही. आणि सोमवारी भूमकर चौकात अर्धा तास उभी राहिले की वाटतं, आजच विकावी. दिवाळीत ए विंगमधले काका मुलाकडे अमेरिकेला गेले, त्यांची पार्किंगची जागा महिना अडीच हजाराला मिळत होती. मी 'बघू' म्हटलं, तेवढ्यात दुसऱ्यानं घेतली. काय करू?

— भूमकर चौकातली

*

प्रिय भूमकर चौकातली,

विक.

उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं तुला स्वस्थपणे वाचता येईल. माझी कारणं मात्र तुझ्या नवऱ्याची नाहीत आणि सासूबाईंची तर नाहीतच.

आधी सासूबाईंचंच बघू, कारण पत्रात शाई सगळ्यात जास्त तिथे दाबली गेली आहे. हीच गाडी त्यांच्या मुलानं आणली असती तर "हौस आहे हो त्याला" म्हणून त्यांनी शेजारणीला पेढा दिला असता. त्यांचं वाक्य चुकीचं आहे, पैसे तुझे आहेत, आणि याउपर त्यावर वाद घालायचं कारण नाही. पण त्या वाक्याला उत्तर म्हणून गाडी ठेवायची, म्हणजे गाडी तुझी आणि निर्णय त्यांचा. उद्या त्या म्हणाल्या, "छान आहे हो गाडी, राहू दे," तर तू विकशील का? अशा हट्टाचे हप्ते बँकेच्या हप्त्यांपेक्षा महाग पडतात.

त्यांचं वाक्य चुकीचं असलं तरी त्यांचा गुडघा खरा आहे. दोन दरवाज्यांच्या गाडीचं दार लांबच लांब. तुमच्या इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये एका बाजूला खांब असणार आणि दुसरीकडे कुणाची तरी ॲक्टिव्हा, म्हणजे ते उघडणार तिसरा हिस्सा. सीट जमिनीपासून वीतभर वर. ऑपरेशन झालेला पाय आधी आत घ्यायचा की नंतर, हे ठरवेपर्यंत मागे कुणीतरी हॉर्न वाजवतो. माणूस बरोबर असो की चूक, त्याला फिजिओथेरपीला न्यावंच लागतं. आणि घरातली एकुलती एक गाडी ते करू शकत नसेल, तर ते सगळं ओझं नवऱ्याच्या स्कूटरवर नाहीतर रिक्षावर पडतं. त्याच्या "विकून टाक"मध्ये गृहकर्जाइतकाच याचाही वाटा असावा. त्याला एकदा विचारून बघ.

आता हिशेब. तो पत्रात नव्हता, म्हणून मी मांडला. त्या रहदारीत ही गाडी लिटरला साडेचारच्या पुढे जात असेल असं मला वाटत नाही. ४० किलोमीटरला नऊ लिटर. पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे दिवसाला नऊशे रुपये तरी गेले, महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास. साधी ऑटोमॅटिक हॅचबॅक तेवढंच अंतर पाच हजारांच्या आत कापते. शिवाय पंपावरचं साधं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं झालंय, आणि तुझं इंजिन तेवढ्या इथेनॉलचा विचार करून बनवलेलं नाही. पुण्यात शंभर ऑक्टेनचं, अशा ताकदवान इंजिनांसाठीचं महागडं पेट्रोल मिळतं, पण ते रोज भरून भूमकर चौकात उभं राहायचं म्हणजे कठीणच. १९ इंची टायर, त्यांचे दर, इन्शुरन्स, ब्रेक पॅड हे सगळं तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. मस्टँग तर त्याआधीही इथे बनत नव्हती, ती अमेरिकेतून तयार होऊनच यायची. तेव्हा एखादा मोठा भाग गेला, तर तो येईपर्यंत घरातली एकमेव गाडी गॅरेजमध्ये आणि तू कॅबमध्ये.

पण नुसत्या पैशांसाठी मी 'विक' म्हटलं नसतं. हौसेला हिशेब लावायला बसलं तर घरात हार्मोनियमसुद्धा राहणार नाही. महिन्याला पंधरा हजार जाऊन तू रविवारी सकाळी उजळून घरी येत असतीस, तर मी नवऱ्याला समजावणारं पत्र लिहिलं असतं.

मला खटकलं ते वेगळंच. चारशे अश्वशक्तीचं, टर्बोशिवायचं हे इंजिन खरं जागं होतं ते साडेतीन-चार हजार आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या पुढे. तू ते रोज तीन तास हजाराच्या आसपास गुरगुरत ठेवतेस. जवळजवळ दोन मीटर रुंद आणि पावणेपाच मीटर लांब गाडी घेऊन चांदणी चौक, बावधन, वाकडचा पूल असं करत, पीएमपीच्या बशी आणि टँकरच्या मधून सरकायचं. फेज टूच्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर ती तिरपी घालायची, नाक घासू नये म्हणून श्वास रोखायचा, आणि तरीही खर्र झालं की पोटात गोळा. मोकळा रस्ता म्हणून एक्स्प्रेसवेवर जावं तर १०० ची मर्यादा आणि डोक्यावर कॅमेरे. मुळशीमार्गे ताम्हिणीला पहाटे निघालं तर ठीक, नऊनंतर, त्यातही पावसाळ्यात, तिथे जत्रा भरते. म्हणजे या गाडीचं सुख मिळायला ठरवून उठावं लागतं, आणि चार दिवस तिच्यातच क्लचविना का होईना झुंजलेल्या बाईला रविवारी पहाटे पुन्हा त्याच सीटवर बसावंसं वाटत नाही. मागच्या वर्षीच्या त्या दोन फेऱ्या म्हणूनच दोन राहिल्या. तुला ही गाडी नकोशी झालेली नाही, रोजचा प्रवास नकोसा झालाय, आणि त्याचा राग निघतोय गाडीवर.

अशा गाडीची सगळ्यात वाईट सोय रोजच्या ऑफिसात होते, कारण त्यात सुख नाही आणि जपणूकही नाही. तुझ्या वेळापत्रकानं वर्षाला साडेसात हजार किलोमीटर होतात. आपल्याकडे जीटी मुळातच मोजक्या आल्या. ती घेणारा माणूस आधी मीटर बघतो, मग सर्व्हिसचे कागद, मग रंग. भूमकर चौकातलं एक एक वर्ष तू त्या किमतीतून कापून देते आहेस.

"मग ऑफिसला न्यायची नाही, फक्त रविवारी काढायची, असं केलं तर?" हे तू म्हणणार, हे मला ठाऊक आहे. उत्तम मार्ग तोच होता. दुसरी जागा भाड्यानं घ्यायची, ऑफिससाठी आणि सासूबाईंसाठी एखादी जुनी, उंच सीटची ऑटोमॅटिक आणायची, आणि मस्टँग कव्हरखाली. त्याला लागत होते महिना अडीच हजार. म्हणजे तुझं तीन दिवसांचं पेट्रोलसुद्धा नाही! जागा त्याच आवारात, ओळखीच्या माणसाची. आणि तू 'बघू' म्हणालीस. जिला गाडी ठेवायचीच असते, ती काकांचं विमान उडायच्या आत त्यांच्या हातात सहा महिन्यांचं भाडं ठेवते. यावर मी तुला दोष देत नाहीये. पत्रातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य मला ते वाटलं, एवढंच.

'महिनाभर बसनं जाऊन बघ, मग ठरव' असलाही सल्ला मी देणार नाही. तू चार वर्षांहून जास्त बघते आहेस. फक्त एक अपवाद ठेवते. हे वाचून तुझा हात आपसूक सोसायटीच्या ग्रुपवर 'पार्किंग हवे आहे' टाइप करायला गेला, आणि आठवड्याभरात जागा मिळवलीसच, तर माझा सल्ला बाजूला ठेव. गाडी ठेव, आनंदानं ठेव.

नसेल, तर विकताना मात्र घाई नको आणि भिडस्तपणाही नको. ऑनलाइन गाड्या विकत घेणाऱ्या कंपन्या ज्या गणितानं स्विफ्ट आणि क्रेटाचा भाव काढतात, त्याच गणितानं तुझी गाडी मोजतील. तो आकडा ऐकून रडू येईल. मस्टँगवाल्यांच्या गटांत सांग, किंवा जुन्या महागड्या गाड्यांच्या एखाद्या डीलरकडे कमिशनवर लाव. कमिशन किती आणि किती दिवसांसाठी, हे लेखी घे. आधीच्या मालकापासूनचे सर्व्हिसचे कागद एका फाइलमध्ये लाव, दोन्ही किल्ल्या शोध, ई-चलनं भरून टाक. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, तेव्हा हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली नसशील तर ते काम पहिलं. नाकाखाली घासलेलं आहे ते लपवू नकोस. घेणारा वाकून बघणारच आहे, आणि तू आधी सांगितलंस तर बाकीच्या गोष्टींवर त्याचा विश्वास बसेल. पितृपक्षात जाहिरात टाकू नकोस, दसऱ्याच्या तोंडावर टाक.

चक्कर मारायला कुणी आलं, तर आधी लायसन्स बघ आणि बाजूला स्वतः बस. चारशे अश्वशक्ती पहिल्यांदाच पायाखाली आलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. पैसे खात्यात दिसल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, मग समोरचा कितीही मोठ्या घरचा असो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यात भली भली माणसं आळस करतात. आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, घेणाऱ्याच्या नावावर होईपर्यंत पाठ सोडायची नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या की आपलं काम संपलं, असं लोक समजतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, गाडी प्रत्यक्षात किती हातांतून गेली याला महत्त्व नाही. नुकसानभरपाईची जबाबदारी त्या नोंदीतल्या माणसावर येते. घेणारा हैदराबादचा किंवा बंगळूरचा निघाला, तर फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे आपल्या आरटीओचं ना-हरकत पत्र लागेल. तिकडचा रोड टॅक्स सांगून तो भाव पाडायला बघेल, तो टॅक्स त्याचा त्यानं बघावा. इन्शुरन्स कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्यायला विसरू नकोस. तो बोनस गाडीचा नसतो, तुझा असतो, आणि तीन वर्षांच्या आत पुढच्या गाडीला लावता येतो. फास्टॅग बंद कर, नाहीतर नव्या मालकाचा खालापूरचा टोल तू भरत बसशील.

राहता राहिले पैसे. त्यातून पहिल्यांदा घराला लागणारी गाडी घे. उरलेले सगळेच्या सगळे गृहकर्जात घालायला मी तरी लगेच हो म्हणणार नाही. नवऱ्याची सूचना वाईट नाही, पण हे पैसे तुझ्या शेअरचे आहेत, आणि ते एकदा कर्जात गेले की तू काही विकलं होतंस, हे घरात वर्षभरात कुणाच्या लक्षातही राहत नाही. दोघं बसून ठरवा, पण काही भाग तुझ्या नावावर वेगळा राहू दे. कोईमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, दोन्हीकडे रेसिंग शिकवणाऱ्या संस्थांचे दोन-तीन दिवसांचे वर्ग होतात. गाडी त्यांची, हेल्मेट त्यांचं, आणि समोर स्पीडब्रेकर नाही की रिक्षा नाही. पुण्याहून विमानानं जाऊन-येऊन, राहणं आणि फी धरून होणारा खर्च एकदा काढ, आणि मस्टँगच्या वर्षाच्या पेट्रोलशेजारी लिहून बघ. नवऱ्याला तो कागद दाखवायचा की थेट तिकीट, ते तू ठरव.

— ताई