बाटल्यांचं काय झालं?

दापोली
चैत्र शुद्ध षष्ठी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शिमग्याच्या धामधुमीत आलं. पालखी घरी येऊन गेली, चाकरमानी मुंबईला परतले आणि आज कुठे निवांत लिहायला बसले आहे. एम.एस्सी. झालीस, फार आनंद वाटला. पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस की समाजासाठी आणि निसर्गासाठी काहीतरी करायचं आहे. त्यातल्या ‘काहीतरी’पाशी मी अडले. तुझी इच्छा खरी आहे याबद्दल मला शंका नाही. पण काहीतरी करायला आलेली शिकलेली माणसं खाडीकाठच्या गावांनी पुष्कळ पाहिली आहेत. मीही त्यांतलीच एक होते, म्हणून आधी माझी चूक सांगते.

प्रबंधासाठी दोन वर्षं मी एका खाडीकाठच्या गावातल्या विहिरींचं पाणी तपासत होते. खारबंदिस्तीचा, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला बांध दोन ठिकाणी फुटलेला, उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची झडप कुजलेली. उधाणाचं पाणी थेट भातखाचरांत शिरायचं. महिन्यातून एकदा एस.टी.ने जायचं, बावीत, म्हणजे विहिरीत, पोहरा सोडायचा, बाटल्या भरायच्या, त्यांवर क्रमांक टाकायचे. एक म्हातारी दरवेळी पोहरा ओढू लागायची आणि निघताना कोकमाचं सरबत हातात द्यायची. प्रबंध पुरा झाला, पदवी मिळाली, पेढे वाटले. त्या गावात मात्र परत गेले नाही. सात वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी तिथे उतरले, तर म्हातारीने लांबूनच ओळखलं. म्हणाली, “बाय, बाटल्या भरून नेलास, त्या पान्याचा काय झाला?”

उत्तर माझ्या प्रबंधातल्या एका तक्त्यात होतं, इंग्रजीत. तिच्या बावीचं पाणी पौषापर्यंत बरं असायचं आणि फाल्गुनापासून पिण्याजोगं राहत नसे. ते मचूळ लागतं हे तिला जिभेवर कळत होतंच. पण पलीकडच्या वाडीतली बाव वैशाखातही गोडी राहते, हे मोजून फक्त मला माहीत होतं. सात उन्हाळे ती नातवंडांना तेच पाणी पाजत होती.

तेव्हा माझा सल्ला असा आहे, आणि खरं तर तो एकच आहे. ज्यांच्या पाण्यात, मातीत तू मोजमाप करशील, त्यांना निष्कर्ष आधी दे, त्यांच्या भाषेत दे. विद्यापीठाला नंतर दिलास तरी चालेल.

प्रश्नही तिथूनच उचल. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तरुण होते, नुकतेच डॉक्टर झालेले. भातकापणीत, पेंढ्यात, लाकडांच्या राशीत हात घालताना लाल विंचू चावलेली माणसं त्यांच्याकडे येत आणि डोळ्यांदेखत दगावत. या दंशावर नेमका इलाज तेव्हा कुठल्या पुस्तकात नव्हता. हाताशी प्रयोगशाळा नव्हती. ते रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसले, नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी करत राहिले. विषाने हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं, हे त्या नोंदींतून उलगडत गेलं. मग रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरून पाहिलं. जिथे शंभरातले चाळीसच्या आसपास दगावत, तिथे हे प्रमाण पुढे एक टक्क्यापर्यंत खाली आलं. ‘लॅन्सेट’सारख्या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. पद्मश्री मिळाली ती २०२२ मध्ये. पण मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती नोंदवहीची. रुग्ण समोर होता, आणि त्या अडाणी वाटणाऱ्या जागी बसूनही शास्त्र करता येतं असं त्यांनी मानलं.

वेळास या समुद्रकाठच्या गावाचंही तसंच. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे कासवांचं काम सुरू केलं. पूर्वी किनाऱ्यावरची अंडी खाण्यासाठी नेली जात. आता गावातलेच लोक पहाटे वाळूतल्या खुणा शोधतात, घरटं सापडलं की एकेक अंडं उचलून कुंपणातल्या खड्ड्यात तसंच पुरतात आणि दीड-दोन महिने राखण करतात. २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर ‘प्रथमा’ या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवलं. शास्त्रज्ञ ते काही महिन्यांत पाहून गेले. पण वीस वर्षं पहाटे उठून किनारा चालणारी माणसं नसती, तर यंत्र बसवायला कासव सापडलं असतं का?

तुझ्या शिक्षणात जे नसेल ते इथल्या माणसांकडून शिक. कोळीवाड्यातला कुणीही तुला भरतीचा हिशेब सांगेल: तिथीची पाऊणपट करायची, की अदमासे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, त्याचंच हे गणित. हे ठाऊक नसताना खाडीत नमुने घ्यायला गेलीस तर चिखलात अडकशील, आणि नोंदींना अर्थही राहणार नाही. मच्छीमारांशी बोलायचं असेल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते तेव्हा जा. जाळी विणत बसलेला माणूस तासभर बोलतो. होडी लोटायच्या घाईतल्या माणसापुढे प्रश्नावली धरू नकोस, तो तोंडाला येईल ते सांगेल आणि तू ते आकडे म्हणून छापशील.

आणखी एक गोष्ट, जी मला फार जाचते. तुला कदाचित एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल लिहिण्याचं काम मिळेल. पैसे चांगले असतात, ते घ्यायलाही हरकत नाही. पण रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मे महिन्यात जाऊन ‘वनस्पती विरळ’ असं लिहू नकोस. मेमध्ये तिथे काळाकुट्ट जांभा दगडच दिसतो. श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावर फुलांचे ताटवे उठतात, डबकी भरतात, आणि तेच पाणी मुरून खालच्या वाड्यांच्या विहिरींना पोहोचतं. याच सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कागदोपत्री मात्र ही जमीन पडीक. चुकीच्या ऋतूत खरं बघून आलेला अहवालही खोटाच, आणि त्याच्यावर सही तुझी असणार. पावसाळ्यातली एक फेरी मागून घे. देत नसतील तर सही करू नकोस.

पैशाचं सांगते, कारण तू विचारलं नाहीस आणि तुझी आई नक्की विचारील. प्रकल्पाची नोकरी प्रकल्पापुरती असते, मानधन उशिरा येतं. खारजमिनीचं काम करायचं असेल तर पनवेलचं खारजमीन संशोधन केंद्र आहे. क्षार सोसणाऱ्या भाताच्या पनवेल-१, २, ३ या जाती तिथूनच आल्या. इथे दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे. जागा निघतात, अर्ज करत राहा. दोन वर्षं मुंबईत नोकरी करून थोडी शिल्लक जमवलीस आणि मग आलीस तरी मी तुला कमी लेखणार नाही. रिकाम्या पोटी आलेली मुलं सहा महिन्यांत निघून जातात. गावाला ते अर्धवट काम जास्त जड जातं.

ती म्हातारी आता नाही. तिच्या सुनेला मी बारा महिन्यांचे आकडे मराठीत लिहून दिले. तिने ते शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतले आहेत: कुठली बाव, कुठला महिना, पिण्याजोगी की नाही. ते आकडे जुने झाले. बांध पुन्हा फुटला आहे.

चैत्री अमावास्येच्या उधाणाला ये. तिथी पंधरा धरली तर पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळी दहापर्यंत उघाडीपाशी पोहोचायला हवं. पाणी आत कसं शिरतं ते बघू आणि तसंच वाडीवर जाऊन सगळ्या बावींचे नमुने घेऊ. बाटल्या धुऊन ठेवल्या आहेत. चिखलात न घसरणाऱ्या चपला आण आणि एक जाड वही.

तुझी,
बाई