कोडी सोडवत शहर पायी फिरवणारं ॲप घ्यावं का? गाईडशिवाय अडतं का?

जरूर घ्या, गाईडशिवाय काही अडत नाही. ॲप एक खूण देतं, ती शोधत तुम्ही चालता. पोचलात की प्रश्न येतो: कमानीवर सिंह किती? उत्तर जमलं की पुढचा टप्पा उघडतो.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे की मान वर होते. एरवी आपली नजर दुकानांच्या पाट्यांवरच अडकते. सिंह मोजायला थांबलं की एकाची शेपटी तुटलेली दिसते, शेजारी डागडुजीचा वेगळ्या रंगाचा दगड दिसतो. अशी पाहिलेली इमारत डोक्यातून जात नाही.

त्रास देतं ते जीपीएस. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो, पण उंच इमारतींच्या गल्लीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका पलीकडच्या रस्त्यावर उडी मारतो. तेव्हा ठिपका सोडा, खूण बघा. (अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढली आणि दुसऱ्याच दिवशी जिओकॅशिंगचा, म्हणजे जीपीएसच्या आधारे लपवलेले डबे शोधण्याच्या खेळाचा, पहिला डबा लपवला गेला. हे खेळ तिथूनच फोफावले.)

नकाशा आधीच डाउनलोड करा, पॉवर बँक घ्या. विकत घेण्याआधी ताजे अभिप्राय वाचा. पाटी बदलली किंवा भिंत रंगवली की जुनं कोडं सुटतच नाही. आणि फोन एकानेच धरायचा, आळीपाळीने. बाकीच्यांनी शहर बघायचं.