वाचकांचे प्रश्न : वेग सगळ्यांना दिसतो, समीक्षकांना काय ऐकू येतं?

प्रश्न : युनचान लिम या तरुण कोरियन पियानोवादकाने वाजवलेला रशियन संगीतकार राखमानिनोव्हचा तिसरा कॉन्चेर्टो (एक वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) यूट्यूबवर पाहिला. बोटं तुफान चालतात एवढं कळलं. पण परीक्षणांत वेगाबद्दल फारसं नाहीच; ‘संयम’, ‘आतले स्वर’, ‘रंग’ असे शब्द आहेत. हा नुसता शब्दांचा फुलोरा, की खरंच काही ऐकू येतं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ऐकू येतं, आणि नेमकं कुठे तेही दाखवता येतं. हे वादन जून 2022 मधलं, टेक्सासच्या फोर्ट वर्थ शहरातल्या व्हॅन क्लायबर्न स्पर्धेच्या अंतिम फेरीतलं. साथीला फोर्ट वर्थ सिंफनी, संचालन मरीन ऑल्सप यांचं. परीक्षक मंडळाच्या अध्यक्षाही त्याच होत्या. या स्पर्धेत उतरायला वय किमान 18 लागतं आणि लिमला 18 पूर्ण होऊन तीन महिनेही झाले नव्हते. सुवर्णपदक मिळवणारा तो आजवरचा सर्वांत लहान वादक.

आता ‘संयम’. सुरुवातीला ऑर्केस्ट्राचे दोन बार (म्हणजे तालाची दोन आवर्तनं) होतात आणि पियानो एक साधी धून उचलतो. दोन्ही हात तेच स्वर एका सप्तकाच्या अंतराने वाजवतात. ना भरगच्च कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक स्वर), ना दौड. दोन-तीन वर्षं शिकलेल्या मुलालाही हे स्वर सापडतील. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच. पुढे काय येणार हे माहीत असल्याने प्रत्येक वाक्यागणिक जोर वाढवला जातो आणि धून लाडिक होते. लिम ती जवळजवळ सपाट ठेवतो आणि वाक्याच्या शेवटी किंचित सोडतो. थोड्याच वेळात हीच धून व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं वाद्य) आणि हॉर्न (फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) घेतात, पियानो मात्र जलद नक्षी विणत राहतो. तिथे वादक मागे सरला का, ते पाहा. हॉर्न स्पष्ट ऐकू आला, तर सरला.

‘आतले स्वर’ समजायला यंत्र थोडं माहीत हवं. पियानोची पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते आणि आतला छोटा हातोडा तारेकडे उचलला जातो. तार दोन-एक मिलिमीटरवर राहिली की हातोडा पट्टीपासून सुटतो आणि उरलेलं अंतर स्वतःच्या गतीने जातो. त्यानंतर बोटाने काहीही केलं तरी तो स्वर बदलत नाही; फक्त विरत जातो. म्हणजे पाच स्वरांच्या कॉर्डमधला एकच स्वर पुढे आणायचा, तर ती एक पट्टी बाकी चारांपेक्षा जरा जास्त वेगाने दाबली पाहिजे, तीही त्याच हाताने आणि त्याच क्षणी. वरचा स्वर पुढे आणणं त्यातल्या त्यात सोपं, कारण हाताचा भार करंगळीकडे झुकवता येतो. मधल्या बोटाखालचा स्वर बाहेर काढणं कठीण, आणि समीक्षक लिमचं कौतुक करतात ते यासाठी. त्याच्या, शोपाँ या संगीतकाराच्या एट्यूड्सच्या (तंत्राचा सराव देणाऱ्या छोट्या रचनांच्या) ध्वनिमुद्रणाला 2024 मध्ये ग्रामोफोन नियतकालिकाचा पियानो विभागातला पुरस्कार मिळाला. त्यातला ओपस 25 (ओपस म्हणजे रचनासंग्रहाचा क्रमांक) मधला सातवा ऐका. सुरुवात एकट्या डाव्या हाताने होते आणि पुढेही मुख्य गाणं खालीच राहतं, चेलोसारखं. वर उजव्या हातात दुसरी धून आणि मध्ये हलके कॉर्ड. तिन्ही थर वेगवेगळे गुणगुणता आले, तर परीक्षणातला शब्द खरा.

‘रंग’ हा शब्द मात्र जपून घ्यावा. त्यात बरंचसं पेडलचं काम असतं : स्वर गुंजत ठेवणारं उजवं पेडल पूर्ण दाबलेलं, अर्धं की नुसतं टेकवलेलं. स्वर लागल्यावर क्षणभराने पेडल बदललं तर आधीची सुरावट स्वच्छ पुसली जाते. उशीर झाला तर चिखल. कुठल्या जागेचं बोलतोय हे न सांगता ‘काव्यमय’ एवढंच लिहून थांबणारं परीक्षण खुशाल सोडून द्या.

आणि हे सगळं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. खर्ज जवळपास गायब होतो आणि उरतो तो वेगच.

प्रश्न : याच कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागातला एकट्या पियानोचा लांब तुकडा वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांत वेगळा का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : अशा एकट्याने वाजवायच्या तुकड्याला काडेन्झा म्हणतात आणि राखमानिनोव्हने तिथे दोन लिहिले. एक हलका, धावता. दुसरा जड कॉर्डचा, ज्याला वादक ‘ओसिया’ (पर्यायी) म्हणतात. स्वतः राखमानिनोव्हने ध्वनिमुद्रणात हलका वाजवला, लिमने फोर्ट वर्थला जड घेतला. जड म्हणजे श्रेष्ठ, असं मुळीच नाही. जड काडेन्झात सगळी ताकद आधीच खर्च झाली, की शिखर येतं तेव्हा नुसता गोंगाट उरतो. दोन्ही वाटा पुढे एकाच ठिकाणी मिळतात : बासरी मूळ धून घेते आणि पियानो तिच्याखाली वाहतो. इतक्या गडगडाटानंतर तो बासरीसाठी किती लवकर हलका होतो, यावर आम्ही तरी जास्त गुण देऊ.

प्रश्न : मुलगा 14 वर्षांचा. लिमचं ऐकून शोपाँचा ओपस 10 मधला दुसरा एट्यूड हट्टाने बसवतोय. मनगटाच्या वर दुखतं म्हणतो. (एक पालक, ठाणे)

उत्तर : आधी थांबवा. दुखणं थांबेपर्यंत हा एट्यूड बंद. आठवड्यात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. यात उजव्या हाताची शेवटची तीन बोटं न थांबता क्रोमॅटिक स्वरमाला (काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या ओळीने) वाजवतात आणि अंगठा-तर्जनी त्याच वेळी कॉर्डचे तुकडे टिपतात. अंगठा ताणून धरला की करंगळीकडची बाजू आखडते, मनगट गोठतं आणि दुखणं कोपराकडे चढतं.

पुढे शिक्षकांच्या देखरेखीखाली : नुसती स्वरमाला 3-4-5 बोटांनी, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर, एका ठोक्याला दोन स्वर, अगदी हळू आवाजात. मग कॉर्ड जोडायचे, पण वाजवताक्षणी अंगठा सैल सोडायचा. एका वेळी दोनच बार आणि पाच मिनिटांनी हात खाली. छापील वेग मिनिटाला 144 ठोके आहे. तो भिंतीवर लिहून ठेवू नये. खरं तर या वयाला ओपस 10 मधला सहावा जास्त फायद्याचा. संथ आहे, पण वरची धून, आतली सळसळ आणि खर्ज वेगळे ठेवताना घाम फुटतो. मित्रांवर छाप पडणार नाही, हे मुलाला आधीच सांगा.

प्रश्न : मुंबईत एनसीपीएला पियानो ऐकायला तिकीट कुठलं काढावं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : हात पाहायचे असतील तर मंचाकडे तोंड करून डावीकडचं. ऐकायचं असेल तर मध्यापासून जरा उजवीकडे, मागच्या रांगांत किंवा बाल्कनीत. पहिल्या दोन रांगांत आवाज डोक्यावरून जातो आणि पेडलची खटखट तेवढी नीट ऐकू येते.