अंगणात दाणा जाळणारी मुलगी

प्रश्न : जळगावच्या एमआयडीसीत माझा प्लास्टिकचा दाणा बनवण्याचा कारखाना आहे, बावीस वर्षं झाली. गोणी, बादल्या, टोपल्यांचं भंगार घेतो, आरपी दाणा, म्हणजे पुन्हा वितळवून केलेला दाणा, करून चटईवाल्यांना देतो. मुलाला बारावी सायन्सला 58 टक्के आहेत, सीईटीला 41 पर्सेंटाइल. आता सगळीकडे सर्क्युलर इकॉनॉमी, म्हणजे माल टाकून न देता पुन्हापुन्हा वापरायचं, चाललंय, सरकारने कंपन्यांना रिसायकल माल वापरायची सक्ती केली आहे, म्हणजे पुढची तीस वर्षं आमच्याच लाइनची. प्लास्टिक म्हणजे सोनं, कितीदाही वितळवा. म्हणून मुलाला मॅनेजमेंट कोट्यातून प्लास्टिक किंवा पॉलिमर इंजिनीअरिंगला घालायचं ठरवलं आहे, आठ लाख बाजूला ठेवले आहेत. तो हॉटेल मॅनेजमेंट म्हणतो. बापाचा कारखाना सोडून लोकांच्या प्लेटा उचलणार! आठवडा झाला, घरात कोणी कोणाशी बोलत नाही. मोठी मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्री होऊन घरीच असते, ईपीआर पोर्टलचं (कंपन्यांनी आपलं प्लास्टिक रिसायकल करवून घ्यायच्या सक्तीचा हिशेब जिथे भरतात, ते सरकारी पोर्टल) आणि जीएसटीचं तीच बघते, तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. मागच्या वर्षी चटईची प्लास्टिकची तार तुटते म्हणून एक लॉट परत आला. तेव्हा तिने अंगणात दाणा जाळून राखेवर लिंबू पिळलं, घरभर धूर केला. पण गोणीच्या मालात खुर्चीचं भंगार आल्याचं सापडलं. असो. मुलाला कसं समजवावं आणि कोणतं कॉलेज घ्यावं, ते कळवावं.

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातल्या त्या ‘असो’पाशी मी अडकले. तिथून पुढे कॉलेजच्या नावांकडे जायला मला बराच वेळ लागला.

तुमच्या मुलीने नेमकं काय केलं, ते तुम्ही तिला कधी विचारलंत का? मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगते. गोणी आणि खुर्ची, दोन्ही पॉलिप्रोपिलीन या एकाच जातीच्या प्लास्टिकची. पण स्वस्तातल्या खुर्चीत खर्च कमी व्हावा आणि ताठपणा यावा म्हणून कॅल्शियम कार्बोनेटची पूड घालतात. खडूचीच भावंडं म्हणा. खुर्चीला ती चालते. तोच माल चटईची बारीक तार ओढायला घेतला, की पूड मध्ये येते आणि तार तटातट तुटते. प्लास्टिक जळून जातं, ही पूड जळत नाही, वाटीच्या तळाशी पांढरी राख राहते. त्यावर लिंबाचा रस पडून फसफसलं, म्हणजे कार्बोनेट. प्रयोगशाळेत याच चाचणीसाठी मफल फर्नेस, म्हणजे खूप तापणारी बंद भट्टी लागते, तिने ती शेगडीवर उरकली. (धूर मात्र खरोखर वाईट. मालात पीव्हीसी मिसळलेलं निघालं तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. अंगणात पुन्हा हा प्रकार नको.)

परत आलेल्या लॉटचं कारण बावीस वर्षांच्या तुमच्या हाताला लागलं नाही, ते एका बी.एस्सी. झालेल्या मुलीला लागलं. आणि त्यावर घरात चर्चा झाली ती धुराची! तुमच्या मूळ पत्रात मुलाचं नाव सात वेळा आलं होतं, छापताना ते मी गाळलं. मुलीचं नाव गाळावं लागलं नाही, कारण ते तुम्ही लिहिलंच नव्हतं.

आता तुमच्या सोन्याबद्दल. हा गैरसमज फक्त तुमचा नाही, सर्क्युलर इकॉनॉमीवर भाषणं देणारे कितीतरी लोक तो बाळगून आहेत. सोनं शंभरदा आटवलं तरी सोनंच. प्लास्टिकचा रेणू म्हणजे लांबच लांब साखळी. एक्स्ट्रूडरमधल्या, म्हणजे प्लास्टिक वितळवून दाबून बाहेर काढणाऱ्या यंत्रातल्या, उष्णतेने आणि घुसळणीने पॉलिप्रोपिलीनच्या साखळ्या दर वेळी थोड्या तुटतात, माल जास्त पातळ वाहू लागतो, ताकद उतरते. म्हणून तर आरपी दाण्यात नव्या दाण्याचा आधार द्यावा लागतो. रंगाचंही तेच. लाल, निळी, हिरवी बादली एकत्र वितळली की काळपट माल होतो, त्यातून पुन्हा पांढरं काही काढता येत नाही. बादलीची चटई होईल. पण पाच उन्हाळे गच्चीवर तापलेली तीच चटई भंगारात तुमच्या दारी आली, तर तुम्ही तिला काय भाव द्याल? 1950 ते 2015 या काळात जगात जेवढं प्लास्टिक कचऱ्यात गेलं, त्यातलं जेमतेम 9 टक्के रिसायकल झालं, असा 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासाचा हिशेब आहे. नाव ‘सर्क्युलर’ असलं तरी बहुतेक ठिकाणी हा उतरता जिना आहे. एकेक पायरी हळू उतरवायची, हेच या धंद्यातलं कसब, आणि त्याला रसायनशास्त्र लागतं.

सक्तीचं म्हणता, ते खरं आहे. 2022 च्या ईपीआर नियमांनी कडक प्लास्टिकच्या पॅकेजिंगमध्ये, म्हणजे बाटल्या-डब्यांत, 2025-26 साठी 30 टक्के रिसायकल मालाचं लक्ष्य ठेवलं आणि ते 2028-29 पर्यंत 60 टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. पण शॅम्पूच्या बाटलीसाठी दाणा घेणारी कंपनी चटईवाल्यासारखी मूठभर दाणा तळहातावर घेऊन, दाताखाली चावून सौदा करत नाही. ती प्रत्येक लॉटचा एमएफआय, म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा मागते, राखेची टक्केवारी मागते, वासाबद्दल कुरकुर करते, माल कुठून आला ते विचारते. कच्चं तेल उतरलं की नवा दाणा स्वस्त होतो आणि तुमच्या दाण्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, हे तुम्ही भोगलं असेलच. वर याच कंपन्या चिप्सची ती चकचकीत, अनेक थरांची पाकिटं काढतात. ती तुमचा भंगारवाला फुकटसुद्धा उचलत नाही, आणि जाहिरातीत मात्र हिरवी पानं! उद्योगाने आधी पाकीट सुधारावं, मग रिसायकल करणाऱ्याला उपदेश करावा, असं माझं मत आहे.

आणि ते पोर्टल, जिथे रिसायकल केल्याची प्रमाणपत्रं कारखाने कंपन्यांना विकतात. रिसायकल न करताच प्रमाणपत्रं विकल्याचे प्रकार 2023 मध्ये उघडकीला आले, तेव्हापासून तपासणी कडक होत चालली आहे. किती भंगार आलं, किती दाणा निघाला, कोणत्या बिलावर विकला, हे जुळलं नाही तर दंड कारखान्याला. तुम्ही ज्याला ‘पोर्टलचं बघते’ म्हणता, ते काम दुसऱ्या कारखान्यात पगार देऊन करून घेतात. तिला तुम्ही काय देता?

मुलाबद्दल थोडक्यात. त्याला नको असलेली जागा आठ लाखांना विकत घेऊ नका. चांगले गुण आणि मनापासून ओढ असती तर मुंबईला आयसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत पॉलिमर आहे, जळगावातच विद्यापीठाच्या संस्थेत प्लास्टिक टेक्नॉलॉजी आहे, असं मी लिहिलं असतं. इथे दोन्ही नाही. हॉटेल मॅनेजमेंटसाठी एनसीएचएम-जेईई ही देशपातळीवरची परीक्षा आणि राज्याची वेगळी सीईटी असते, फॉर्म त्याचा त्याला भरू द्या. त्याला खरंच स्वयंपाकघर खुणावतंय की तो नुसता कारखान्यापासून पळतोय, हे मला इथे बसून कळणार नाही. येत्या लग्नसराईत एखाद्या केटररकडे महिनाभर राबू द्या, पहाटे चारला भट्टी पेटवायला उभा राहिला तर बाकीचं आपोआप कळेल. आणि प्लेटा उचलण्याचं म्हणाल, तर तुम्ही स्वतः सुरुवातीला भंगाराच्या गोण्या पाठीवर वाहिल्या नाहीत का? तेव्हाही कोणीतरी नाक मुरडलंच असेल. आज घरातला अबोला तुम्हीच मोडा, तो मोठ्या माणसाने मोडायचा असतो.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, ते. सीपेट ही केंद्र सरकारची प्लास्टिकची संस्था आहे, तिचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे, म्हणजे तुमच्यापासून काही तासांवर. बी.एस्सी. झालेल्यांसाठी सीपेटची प्लास्टिक्स प्रोसेसिंग अँड टेस्टिंगची दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका आहे, प्रवेश परीक्षेने मिळते. यंदा ती कोणत्या केंद्रावर आहे, ते माहितीपत्रकात बघा. आठ लाखांतला एक हिस्सा तिथे जाऊ दे, दुसऱ्यातून एमएफआय मोजायचं यंत्र आणि छोटी मफल फर्नेस घ्या. 230 अंशांवर, 2.16 किलोच्या वजनाखाली, दहा मिनिटांत किती ग्रॅम माल वाहतो हा आकडा रोज लिहायला लागलात, तर पुढच्या वेळी चटईवाल्याने लॉट परत पाठवण्याआधी तुम्हीच तो थांबवाल.

‘पण मुलगी म्हटल्यावर लग्न होऊन जाणार.’ तुम्ही हे लिहिलं नाही, पण तुमच्या प्रत्येक ओळीखाली ते आहे. जाईल, किंवा जाणार नाही. भुसावळला गेली तरी रोज येऊन-जाऊन कारखाना बघता येतो. लांब गेली तर तिची विद्या तिच्यासोबत जाईल आणि दुसऱ्या कारखान्याला तिचा उपयोग होईल, तिचं नुकसान काहीच नाही. स्थळं बघताना ‘घरीच असते’ हे वाक्य मात्र बायोडेटातून आधी काढून टाका. ती कारखान्यात काम करते. तिला पगार सुरू करा, तिच्या नावाच्या खात्यात, दर महिन्याच्या सातला.

आता एक सावधगिरी माझ्यासाठी. तुम्ही मुलाला न विचारता त्याचं ठरवलंत, मी मुलीला न विचारता तिचं ठरवत बसले तर फरक काय राहिला? कदाचित तिला प्लास्टिकचा कंटाळा आला असेल, तिला शिक्षिका व्हायचं असेल किंवा एम.एस्सी. करायचं असेल. म्हणून यापुढचं पत्र तुम्ही लिहू नका, तिला लिहू द्या. त्यात एवढं जरूर कळवायला सांगा, की त्या दिवशी दाणा किती ग्रॅम घेतला होता आणि राख किती उरली. तिने नक्की कुठेतरी लिहून ठेवलं असेल.