वडिलांना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. चिडचिडे झालेत, घराबाहेर पडत नाहीत. काय करावं?

माझ्या आईला ९ वर्षांपासून सीओपीडी आहे. विडी-सिगारेट कधी ओढली नाही, पण ४० वर्षं चुलीपुढे बसली.

आधी तिनं देवळात जाणं सोडलं, मग शेजारी. पुढे आंघोळही दोन-दोन दिवस टाळायला लागली. आम्हाला वाटलं, हट्टीपणा. एकदा मी चिडून विचारलं, तर म्हणाली, "आत दम लागला आणि हाक मारता आली नाही तर?"

चिडचिडीच्या मुळाशी ही भीती होती. घाबरलं की श्वास भराभर होतो, आतली हवा पुरती बाहेर पडत नाही, नव्या हवेला जागा उरत नाही आणि दम आणखी वाढतो. ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्के दाखवत असतानाही ती कासावीस व्हायची. "आकडा तर चांगला आहे," असं मी तिला कितीदा ऐकवलं, त्याचं आजही वाईट वाटतं.

मग न्हाणीत स्टूल ठेवलं. दाराला कडी लावायची नाही, मी बाहेर बसायचे. फिजिओथेरपिस्टनी श्वास सोडायला शिकवलं: नाकानं दोन मोजत आत, ओठांचा चंबू करून चार मोजत हळू बाहेर. आई म्हणाली, "म्हणजे फुंकणीला लावतो तसं तोंड!" फक्त जोर लावायचा नाही, एवढंच सांगावं लागलं.

छातीच्या डॉक्टरांना पल्मनरी रिहॅबिलिटेशनबद्दल नक्की विचारा. आठवड्यातून दोन-तीनदा, दीड-दोन महिने देखरेखीखाली व्यायाम असतो. स्पायरोमेट्रीचा (नळीत फुंकून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीचा) आकडा फारसा हलत नाही, पण चालणं वाढतं आणि मनाला उभारी येते. उदासी, झोप न लागणं हेही त्यांना सांगा. मनानं झोपेची गोळी देऊ नका, तिनं श्वास मंदावू शकतो. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत. ओठ निळसर दिसले, गुंगी आली किंवा दमामुळे वाक्य पुरं होईना, तर मात्र थेट दवाखाना गाठा.

आणि काळजीपोटी त्यांच्या हातची सगळी कामं काढून घेऊ नका. आम्ही ती चूक केली होती. आता आई खुर्चीत बसून मेथी निवडते, मध्ये दोनदा टेकून देवळापर्यंत जाते.

आज वडिलांना एवढंच विचारा, कुठल्या कामाची सगळ्यात जास्त भीती वाटते. आमच्याकडे ती आंघोळ निघाली.