सेरोटोनिन रक्तात का मोजत नाहीत?

प्रश्न : आमचे हे एसटीत वाहक, वय 52. चार महिने झाले, पहाटे तीनलाच जाग येते, मग मागच्या पायरीवर बसून राहतात. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून गोळी दिली. मेंदूत सेरोटोनिन नावाचं केमिकल कमी आहे म्हणाले. सहा दिवस झाले, फरक नाही, उलट मळमळतं. दीर म्हणतात, शुगर मोजतात तसं हे आधी मोजलं का नाही?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तुमच्या दिरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. ‘केमिकल कमी आहे’ हे वाक्य मीही ओपीडीत वर्षानुवर्षं वापरलं. सोपं पडायचं, घरच्यांचा धसकाही जायचा. पण अंगातलं नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं आणि रक्तातलं मेंदूत शिरत नाही. म्हणजे रक्त तपासून मेंदूतलं कळत नाही. तेव्हा त्या तपासणीवर पैसे घालवू नका.

ही कल्पना आली कुठून? एक धागा चक्क मुंबईचा. डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधा या वनस्पतीने बीपी उतरतं हे जगापुढे मांडलं. पुढे तिच्यातल्या रेसरपिन या औषधावर काही रुग्ण उदास झाले, आणि 1955 मध्ये अमेरिकेत दिसलं की प्राण्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन त्याने घटतं. तिकडे न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात टीबीचे रुग्ण इप्रोनियाझिडवर हसायला-नाचायला लागले होते. ते औषध सेरोटोनिनसारखी रसायनं मोडू देत नाही. झालं, रसायन घटलं की उदासी, वाढलं की उभारी! 2022 मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सेरोटोनिन कमी असल्याचा ठाम पुरावा निघाला नाही. बाम चोळून डोकं दुखायचं थांबलं, म्हणजे अंगात बाम कमी होता असं थोडंच?

म्हणून गोळी खोटी ठरत नाही, पुष्कळांना ती लागू पडते. सेरोटोनिनवरचं काम ती काही तासांतच सुरू करते, पण मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे जातात. मधल्या काळात मज्जापेशी आपले जोड बदलत असाव्यात, संशोधन आता तिकडे वळलंय. सहा दिवसांत निकाल लावू नका. मळमळ बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. गोळी जेवणानंतर चालेल का, विचारून घ्या. मनाने बंद मात्र करू नका. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा; टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही लागतो.

आणि मोजायचंच असेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज जाग आल्याची वेळ लिहा. तीनचे साडेचार व्हायला लागले, की ते पान डॉक्टरांना दाखवा.